परदेशी इंजिनाची जुनी गाडी : जपणूक आणि कायदा

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा तेथील औद्योगिक वसाहतीमुळे जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. अशा गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी वाड्याच्या मागच्या पडवीत किंवा गोदामाच्या पत्र्याखाली एखादी जुनी मोटार धूळ खात उभी असलेली आजही दिसते. पद्मिनी, अँबेसेडर, कॉन्टेसा किंवा प्रीमियर ११८ एनई. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालविलेली आणि आता भंगारात द्यावी की पुन्हा रस्त्यावर आणावी, या पेचात अडकलेली ही गाडी असते. बॉनेट उघडले की अनेकदा आणखी एक गोष्ट लक्षात येते. गाडी एका कंपनीची आणि आतले इंजिन भलत्याच देशातले असते.

अशा गाडीची दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळविणे अत्यावश्यक असते. हे परदेशी बनावटीचे इंजिन कारखान्यातूनच आले, की मागाहून कोणी बसविले? गाडीची ओळख, तिचे मोल, परिवहन कार्यालयातील तिचे भवितव्य आणि दुरुस्तीचा खर्च हे सारे या उत्तरावर अवलंबून असते.

कारखान्यातूनच आलेले इंजिन

मोटारीच्या जन्मापासूनच परदेशी इंजिन असल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे प्रीमियर ११८ एनई. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटची ११०० ही मोटार तयार करण्यास प्रारंभ केला. हीच गाडी पुढे 'डिलाइट', 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. तिचे इंजिन १,०८९ सीसी क्षमतेचे. आराखडा जुना, पण साधा आणि कोणत्याही मिस्त्रीला उमगणारा. मारुतीच्या आगमनानंतर मात्र स्पर्धा बदलली. १९८५ मध्ये प्रीमियरने जी नवी गाडी आणली, तिचा सांगाडा फियाटच्या १९६६ मधील १२४ या मोटारीवर बेतलेला होता आणि इंजिन जपानच्या निसान कंपनीचे होते. नावातील 'एनई' ही अक्षरे निसान इंजिनाचीच निदर्शक होत.

निसानचे हे 'ए १२' इंजिन चार सिलिंडरचे, १,१७१ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७० मिलिमीटर. म्हणजे व्यास धावेपेक्षा मोठा. पद्मिनीच्या इंजिनात नेमके उलट प्रमाण होते. व्यास ६८ आणि धाव ७५ मिलिमीटर. धाव आखूड असल्याने निसानचे इंजिन जास्त फेऱ्यांवरही सहजतेने फिरे. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निसानचाच होता. ज्या फियाट १२४ वरून ही गाडी निघाली, तिच्याच आराखड्यावर सोव्हिएत रशियात लाडा आणि तुर्कस्तानात मुरात या मोटारी लाखोंनी तयार झाल्या. इटालियन देहात जपानी इंजिन बसविण्याचे श्रेय मात्र प्रीमियरचे.

कोलकात्याजवळच्या उत्तरपारा येथील हिंदुस्थान मोटर्सनेही हीच वाट धरली. १९८४ मध्ये आलेल्या कॉन्टेसाचा सांगाडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा आणि आरंभीचे इंजिन अँबेसेडरचे १,४८९ सीसीचे होते. जड गाडीला ते अपुरे पडे. पुढे तिला जपानच्या इसुझूचे १,८१७ सीसीचे इंजिन मिळाले आणि १९९० च्या दशकात तेच अँबेसेडरमध्येही आले. पद्मिनीलाही अखेरच्या वर्षांत इटलीच्या एफएनएम कंपनीच्या बनावटीचे डिझेल इंजिन देण्यात आले. या सर्व गाड्यांत परदेशी इंजिन हेच मूळ इंजिन होय. ते काढून दुसरे बसविणे म्हणजे गाडीचे मूळपण घालविणे.

मालकाने बदललेले इंजिन

दुसरा प्रकार गॅरेजमधला. पेट्रोल महागले की जुन्या गाडीत डिझेल इंजिन बसविण्याची लाट येई. जुने इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले आणि सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणजे मोठ्या शहरांतील जुन्या सामानाच्या बाजारातून परदेशातून आलेले वापरलेले इंजिन आणले जाई. काहींना केवळ अधिक वेगाची हौस असे. हा प्रकार केवळ भारतातला नव्हे. न्यूझीलंडमध्ये मॉरिस मायनर या ब्रिटिश मोटारीत निसानच्याच 'ए' मालिकेचे इंजिन बसविण्याची रीत हौशी मंडळींत अनेक वर्षे रूढ आहे.

यवतमाळकरांना इंजिनबदलाचा एक वेगळा दाखलाही ठाऊक आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणाऱ्या 'शकुंतला' रेल्वेचे मँचेस्टर येथे १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून सेवेत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल इंजिन जोडण्यात आले. इंजिन बदलले तरी लोकांच्या लेखी गाडी 'शकुंतला'च राहिली. मोटारीच्या बाबतीत मात्र कायद्याची भूमिका इतकी सैल नाही.

आधी कागद, मग पाना

दुरुस्तीची पहिली पायरी गॅरेजमध्ये नसून घरातल्या कपाटात असते. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. इंजिनाच्या ब्लॉकवरील क्रमांक अनेकदा तेल आणि मातीच्या थराखाली दडलेला असतो. तो रॉकेल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावा. घासपेपर किंवा ग्राइंडर तेथे लावू नये. खोडलेला वा घासलेला क्रमांक संशयास्पद ठरतो आणि मग प्रामाणिक मालकालाही खुलासे देत बसावे लागते.

क्रमांक जुळले तर अर्धे काम झाले. न जुळल्यास तीन शक्यता उरतात : इंजिन रीतसर बदलून त्याची नोंद झाली आहे, पण ती नव्या प्रमाणपत्रावर उतरलेली नाही, त्याच प्रकारचे इंजिन नोंद न करता बसविले आहे, किंवा सर्वस्वी वेगळ्या कंपनीचे इंजिन आहे. पहिल्या दोन प्रकारांतून मार्ग काढता येतो. तिसरा प्रकार कठीण होय. कोणत्याही परिस्थितीत इंजिनाच्या खरेदीची पावती शोधून ठेवावी. ती नसेल तर ते इंजिन कोठून आले, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य होते.

पत्रा हाच पाया

वर उल्लेखिलेल्या चारही मोटारींना ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हाच त्यांचा कणा. त्यामुळे गंजलेला पत्रा हा केवळ सौंदर्याचा प्रश्न ठरत नाही, तो सुरक्षिततेचा प्रश्न असतो. दारांखालच्या पेट्या, पायाखालचा पत्रा, चाकांच्या वरच्या कमानी, मागचे पाटे जेथे टेकतात त्या जागा आणि डिकीचा तळ येथे गंज प्रथम शिरतो. रंग चकचकीत असला तरी त्याखाली पुट्टीचा जाड थर असू शकतो. साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरविले तर तो कोठे चिकटतो आणि कोठे सुटतो, यावरून खरा पत्रा किती शिल्लक आहे ते समजते.

इंजिन बदललेल्या गाडीत आणखी एक ठिकाण बारकाईने तपासावे लागते. नवे इंजिन बसविताना इंजिनाचा आडवा बीम कापला किंवा वेल्डिंगने वाढविला आहे काय? इंजिनाचे तेलपात्र आणि स्टिअरिंगचे दांडे यांत पुरेशी मोकळी जागा आहे काय? डिझेल इंजिन वजनाने जड आणि अधिक हादरे देणारे असते. पेट्रोल इंजिनासाठी आखलेल्या बीमवर ते वर्षानुवर्षे हादरत राहिले, की वेल्डिंगच्या कडेने बारीक तडे जातात. असे तडे दिसल्यास रंगकामाचा विचार बाजूला ठेवून आधी तो भाग बदलणे इष्ट.

इंजिनाची परीक्षा

इंजिन उघडण्याची घाई करू नये. प्रत्येक सिलिंडरमधील कॉम्प्रेशन मापकाने मोजावे. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी भरला, तर त्यात थोडे इंजिन तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, असे समजावे. तो तसाच राहिला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये असतो. एवढ्या तपासणीवरून केवळ हेडचे काम पुरेल की रिबोअर करावा लागेल, याचा अंदाज येतो आणि हजारो रुपये वाचतात.

रिबोअर, क्रँकचे ग्राइंडिंग आणि हेडचे फेसिंग ही कामे नेमक्या मापाची असतात. त्यासाठी यंत्रसामग्री असलेल्या कार्यशाळेत जावे. मात्र पिस्टन आणि रिंगा हातात आल्याशिवाय ब्लॉक रिबोअरला देऊ नये, हा जुन्या मिस्त्र्यांचा दंडक परदेशी इंजिनाच्या बाबतीत तर कसोशीने पाळावा. सुटा भाग कोणत्या जादा मापात मिळतो, त्यावर बोअरचे माप ठरते. बोअर आधी मारून मग त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही, तर ब्लॉक निकामी होतो. निसानच्या याच कुळात १,३९७ सीसीचे 'ए १४' आणि १,४८८ सीसीचे 'ए १५' ही मोठी भावंडेही आहेत. सुटे भाग मागविताना गाडीच्या नावावर विसंबू नये. इंजिनाचा प्रकार आणि मोजलेली मापे सांगूनच मागणी करावी.

गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट

बदललेल्या इंजिनाच्या बहुतेक तक्रारी इंजिनात नसतातच. त्या इंजिन आणि मागची चाके यांमधील जोडकामात असतात. इंजिन एका कंपनीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा असेल, तर मध्ये लेथवर तयार केलेली जाड तबकडी घातलेली असते. तिचे केंद्र केसभर जरी चुकले, तरी क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग वारंवार खराब होते. प्रोपेलर शाफ्ट कापून लहान केलेला असल्यास तो यंत्रावर फिरवून संतुलित करून घ्यावा लागतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन समान असणे आवश्यक आहे. ते विषम असतील तर ठरावीक वेगावर संपूर्ण गाडी गुरगुरू लागते आणि मालक विनाकारण चाकांचे बॅलन्सिंग करीत राहतो.

डिफरन्शियलचे प्रमाणही पाहावे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देते. पेट्रोल गाडीचेच डिफरन्शियल मागे राहिले, तर साठच्या वेगालाही इंजिन ओरडू लागते. अशी गाडी डिझेल वाचविते, पण इंजिन लवकर संपविते.

विदर्भाचा उन्हाळा

यवतमाळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. थंड हवामानासाठी योजलेला रेडिएटर येथे अपुरा पडू शकतो. पद्मिनीचे आणि निसानचे, या दोन्ही इंजिनांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा आहे. तापल्यावर दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. एकदा जरी पाणी संपून इंजिन अतिशय तापले, तरी हेड वाकते आणि गॅस्केट जाते. त्यामुळे रेडिएटरची जाळी उघडून साफ करणे, पंख्याभोवतीचे आवरण जागेवर असणे आणि पाण्याचा पंप तपासणे ही कामे रंगकामाच्या आधीची होत.

गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅटविना इंजिन हिवाळ्यात योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त जळते आणि इंजिन तेल पातळ होते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरऐवजी बाजूच्या मार्गानेच फिरत राहते आणि उन्हाळ्यात उलट अधिक तापते. बोअरवेलचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातील क्षार आतल्या नळ्यांत साचतात. शुद्ध पाणी आणि गंजरोधक कूलंट यांचे मिश्रण वापरावे.

इंधन, वीज आणि ब्रेक

जुन्या गाड्यांपुढे अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. १९८० च्या दशकातील रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरमधील सील या मिश्रणासाठी तयार केलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात आणि गळू लागतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे आगीला निमंत्रण. सबब दुरुस्तीच्या वेळी सर्व इंधननळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारच्या घालाव्यात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

वायरिंगच्या बाबतीत एक क्षुल्लक वाटणारी वस्तू महत्त्वाची ठरते. इंजिन रबरी पायांवर टेकलेले असल्याने ते सांगाड्याशी विजेने जोडलेले नसते. त्यासाठी तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी असते. इंजिन बदलताना हीच पट्टी विसरली जाते. मग स्टार्टरचा जबर प्रवाह क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार जळते. दिवे मंद होणे, स्टार्टर ओढ न घेणे अशा तक्रारींचे मूळही बहुधा येथेच सापडते.

अधिक शक्तीचे इंजिन बसविले की ब्रेकही त्या तोलाचे हवेत. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि ते तिच्या मूळ वेगासाठी पुरेसे होते. इंजिन बदलणाऱ्या अनेकांनी वेग वाढविला, थांबण्याची सोय मात्र होती तशीच ठेवली. दुरुस्तीचे पैसे मर्यादित असतील, तर त्यातला पहिला वाटा ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांना द्यावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूलतः नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी अशा पर्यायी इंधनासाठी मान्य संच बसविणे हा विहित अटींवरील अपवाद होय. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावून उत्पादकाच्या मूळ तपशिलांत फेरफार करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार अननुज्ञेय बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, निकामी इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन नोंदणी प्राधिकाऱ्याच्या संमतीने बसविणे हा सुरक्षित मार्ग आहे. बदलानंतर १४ दिवसांत त्याची नोंद प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते. 'एमएच २९' क्रमांकाच्या गाडीसाठी हे काम यवतमाळच्या परिवहन कार्यालयाचे. वेगळ्या कंपनीच्या इंजिनाला अशी संमती मिळणे दुरापास्त आहे. अपघात झाल्यास नोंद नसलेल्या इंजिनामुळे विम्याचा दावाही अडचणीत येतो, ही बाब अनेकांच्या लक्षात उशिरा येते.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ५ वर्षांसाठी वाढविता येते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. वीस वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढविण्यात आले. दिल्ली परिसरातील जुन्या वाहनांवरील निर्बंधांच्या बातम्या वाचून विदर्भातही काही जण चांगल्या गाड्या भंगारात काढतात. ते निर्बंध त्या परिसरापुरते आहेत, हे ध्यानात घ्यावे.

पन्नाशीची अट

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी त्यात बसते. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून तिची मुदत १० वर्षांची आहे. अशा गाडीला 'व्हीए' ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तिचा नित्याच्या रहदारीसाठी वापर करता येत नाही. प्रदर्शने, तांत्रिक संशोधन, रॅली आणि इंधन वा देखभालीसाठीची ने-आण एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

१९७४ मधील पहिल्या पद्मिनी २०२४ मध्येच पन्नाशीत पोचल्या. पहिल्या ११८ एनई २०३५ मध्ये त्या वयाच्या होतील. निसानचे इंजिन असलेली ११८ एनई तेव्हा मूळ स्वरूपातील गाडी ठरेल, कारण ते इंजिन प्रीमियरनेच दिलेले आहे. डिझेल इंजिन बसविलेल्या पद्मिनीपुढे मात्र हा दरवाजा बंद होतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचाही भर यावरच आहे : शक्य तेथे मूळ भाग जपावेत आणि बदल करावाच लागला, तर तो पुढे उलटविता येईल असा असावा.

म्हणूनच जुन्या इंजिनाबाबत एक साधा नियम पाळावा. ते कितीही निकामी वाटले तरी भंगारात विकू नये. ब्लॉकवरचा क्रमांक शाबूत असेल तर त्यावर तेल चोपडून, लाकडी फळीवर ठेवून, कापडाने झाकून ते कोरड्या जागी जपावे. आज त्याचे सुटे भाग मिळत नसतील, उद्या मिळतील. बीम कापण्याऐवजी बोल्टने बसणारे आधार वापरावेत आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा.

मुंबईत नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही निवृत्त झाली. कुर्ल्यात घडलेल्या या मोटारी आता रस्त्यांपेक्षा घराघरांतल्या पडवीत अधिक सापडतात. त्यांच्यातील किती उरतील, हे त्या वाड्यांचे मालक भंगारवाल्याला काय उत्तर देतात, यावर ठरणार आहे.